कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजमधून नर्सिंग: आधी एडीएन करावे की थेट बीएसएन?

मोगरा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी गेली पाच वर्षे कॅलिफोर्नियात राहते. आधी एच-४ व्हिसावर होते आणि मागच्या वर्षी आमचे ग्रीन कार्ड आले. माझे शिक्षण मायक्रोबायॉलॉजीतील बी.एस्सी. असून भारतात असताना मी चार वर्षे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केले आहे. माझे वय ३६ आहे आणि मुलगी पहिलीत आहे. परत लॅबमध्ये जाण्याऐवजी नर्सिंग करावे असे माझ्या मनाने घेतले आहे. हा विचार अचानक आलेला नाही, सासऱ्यांच्या आजारपणात त्यांच्या उशाशी काढलेल्या दोन महिन्यांत तो पक्का झाला.

घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन वर्षांचा एडीएन, म्हणजे असोसिएट डिग्री इन नर्सिंग, हा अभ्यासक्रम आहे. दुसरीकडे एका खासगी विद्यापीठाने, माझी बॅचलर्स आधीच झालेली असल्यामुळे, सोळा महिन्यांचा वेगवान बीएसएन, म्हणजे बॅचलर ऑफ सायन्स इन नर्सिंग, सुचवला आहे, परंतु त्याचा सगळा खर्च लाख डॉलरच्या आसपास जातो. ओळखीतल्या दोघीतिघींचे म्हणणे असे की एडीएनवाली नर्स अर्धवट समजली जाते आणि तिला रुग्णालये दारात उभी करत नाहीत. एकीने तर आधी एलव्हीएन, म्हणजे लायसन्स्ड व्होकेशनल नर्स हा खालच्या पायरीचा परवाना, कर, मग पुढचे बघ, असे सांगितले.

माझे प्रश्न असे आहेत. एडीएन खरोखर कमी दर्जाचे आहे का? दोन वर्षे म्हणजे नक्की दोनच वर्षे का? आणि माझ्या भारतातल्या मायक्रोबायॉलॉजीचा इथे काही उपयोग होईल, की पुन्हा श्रीगणेशा करावा लागेल?

रातपाळी

मोगराताई, मी स्वतः कम्युनिटी कॉलेजमधून एडीएन करून आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, झाले, नोकरी करता करता बीएसएन पूर्ण केले आणि आता अकरा वर्षे मेडिकल-सर्जिकल वॉर्डात रात्रपाळी करते आहे. त्यामुळे माझे मत थोडे एका बाजूला झुकलेले असेल, हे आधीच सांगून ठेवते.

पदवी आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या मैत्रिणींचा घोळ तिथेच झाला आहे. एडीएन केलेली आणि बीएसएन केलेली, दोघीही एनक्लेक्स-आरएन ही एकच परवाना परीक्षा देतात. एप्रिल २०२३ पासून तिचे स्वरूप बदलले असून त्यात कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न असतात, पाच तासांची मुदत असते आणि आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न किती अवघड द्यायचा हे संगणक ठरवतो. उत्तीर्ण झाल्यावर राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडून जो परवाना मिळतो त्यावर फक्त आरएन असते, तुम्ही कुठल्या दाराने आत आलात हे त्यावर लिहिलेले नसते. माझ्या वॉर्डात पहाटे चार वाजता एखाद्या रुग्णाचा रक्तदाब कोसळतो तेव्हा धावून येणारीची पदवी कोणी विचारत नाही.

गंमत अशी की हा वाद या पदवीइतकाच जुना आहे. नर्सिंगच्या शिक्षणतज्ज्ञ मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधून १९५२ मध्ये काही मोजक्या कॉलेजांत हा प्रयोग सुरू केला, तेव्हा त्यांच्या मनात सहायक आणि पूर्ण व्यावसायिक नर्स यांच्या मधली, तांत्रिक कामे करणारी नर्स होती. प्रत्यक्षात या मुली रुग्णालयांच्या डिप्लोमावाल्यांबरोबर तीच परवाना परीक्षा देऊन उत्तीर्ण होऊ लागल्या आणि मधली पायरी राहिलीच नाही. पुढे १९६५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने व्यावसायिक नर्ससाठी बॅचलर्सच हवी अशी भूमिका घेतली. नॉर्थ डकोटाने तशी सक्ती केलीही, पण २००३ मध्ये ती मागे घेतली. न्यूयॉर्कने २०१७ च्या कायद्याने मधला मार्ग काढला असून तिथे नव्या आरएनला परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत बॅचलर्स पूर्ण करावी लागते. कॅलिफोर्नियात अशी सक्ती नाही.

तरीही मैत्रिणींचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मोठ्या शहरांतील मोठी रुग्णालये नव्याने उत्तीर्ण झालेल्यांना घेताना बीएसएनला झुकते माप देतात. शिवाय पब्लिक हेल्थ नर्सचे प्रमाणपत्र हवे असेल तर इथे बॅचलर्स लागतेच. माझी पहिली नोकरी मोठ्या रुग्णालयात नव्हती, एका पुनर्वसन केंद्रात होती. एकेका पाळीत वीसवीस जणांची औषधे द्यावी लागत आणि पहिले तीन महिने मी घरी येऊन बूट न काढताच सोफ्यावर झोपत असे. दीड वर्षाने मला रुग्णालयात घेतले गेले आणि तोपर्यंत माझे आरएन-टू-बीएसएन निम्मे झाले होते. हा अभ्यासक्रम बहुतांशी ऑनलाइन असतो. आता तर अनेक कम्युनिटी कॉलेजांनी राज्य विद्यापीठांशी करार केले आहेत, त्यामुळे एडीएन चालू असतानाच बीएसएनचे विषय सुरू करता येतात. तुमच्या कॉलेजचा असा करार आहे का, हे माहितीसत्रात सर्वांत आधी विचारा. कम्युनिटी कॉलेजांनी स्वतःच बीएसएन द्यावे, अशी विधेयके २०२४ मध्ये विधिमंडळात मंजूर झाली होती, पण गव्हर्नरांनी ती नाकारली, त्यामुळे तूर्त त्या आशेवर बसू नका.

आता 'दोन वर्षां'विषयी. हा आकडा फसवा आहे. दोन वर्षे म्हणजे नर्सिंगच्या वर्गात पाऊल टाकल्यापासूनची चार सेमिस्टर. त्याआधी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी आणि इंग्रजी रचना हे विषय पूर्ण करावे लागतात, आणि मानसशास्त्र, संख्याशास्त्र वगैरे प्रत्येक कॉलेजच्या यादीप्रमाणे असतात. मुलीला सांभाळून हे करायला वर्ष-दीड वर्ष लागते. त्यानंतर अर्ज करायचा आणि वाट पाहायची. मला पहिल्या वर्षी नकार आला होता. घरातून निघाल्यापासून परवाना हातात पडेपर्यंत चार वर्षे धरा, म्हणजे मनाला त्रास होणार नाही. खासगी विद्यापीठाच्या सोळा महिन्यांतसुद्धा हे आधीचे विषय धरलेले नसतात, हे त्यांच्या प्रतिनिधीने तुम्हाला स्पष्ट सांगितले का ते तपासा.

निवड काही कॉलेजांत सोडतीने होते, तर बऱ्याच ठिकाणी गुणांकनाने. टीज नावाची प्रवेश परीक्षा असते, त्यात वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी मिळून १७० प्रश्न असतात. इथल्या कम्युनिटी कॉलेजांत ६२ टक्के ही किमान मर्यादा आहे, पण किमान गुणांवर प्रवेश मिळेल या भ्रमात राहू नका. गुणांकनात आधीची पदवी, आरोग्यक्षेत्रातील कामाचा अनुभव आणि कौटुंबिक परिस्थिती यांनाही गुण असतात. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येत असल्यास तिचेही गुण देता येतात आणि कायद्यात उदाहरणादाखल दिलेल्या भाषांमध्ये 'भारतीय उपखंडातील विविध भाषा' असा उल्लेख आहे. प्रत्येक कॉलेज पुराव्यासाठी वेगळे कागद मागते, परंतु मराठीचा रकाना रिकामा सोडू नका. मी पहिल्या वर्षी सोडला होता.

हाडांची पेटी

मी नर्स नाही. एका कम्युनिटी कॉलेजमध्ये ॲनाटॉमीची प्रयोगशाळा शिकवतो, आणि नर्सिंगला जाऊ इच्छिणारे विद्यार्थी सर्वांत जास्त संख्येने माझ्यासमोरच बसलेले असतात, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर लिहितो.

मायक्रोबायॉलॉजीबाबत फार आशा बाळगू नका. अडचण तुमच्या ज्ञानाची नसून गुणपत्रिकेची आहे. आपल्याकडच्या वार्षिक पद्धतीच्या गुणपत्रिकेवर 'पेपर १, पेपर २, प्रात्यक्षिक' एवढेच छापलेले असते. त्यात प्रयोगशाळेचे तास किती आणि कोणता पेपर इथल्या कोणत्या विषयाशी जुळतो, हे परदेशी पदव्यांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थेलाही धड ठरवता येत नाही. शिवाय अनेक नर्सिंग विभाग विज्ञानाचे विषय अमेरिकेतच झालेले हवेत असा आग्रह धरतात, आणि काही ठिकाणी ते गेल्या पाच किंवा सात वर्षांतले असावे लागतात. तरीसुद्धा विषयनिहाय मूल्यमापन अवश्य करून घ्या, कारण पदवीचे गुण मिळण्यासाठी आणि सामान्य शिक्षणाच्या विषयांतून सूट मिळवण्यासाठी तो अहवाल उपयोगी पडतो. लॅबमध्ये काम केलेल्या व्यक्तीला मायक्रोबायॉलॉजी पुन्हा करणे जड जाणार नाही, उलट तुमची सरासरी वर नेणारा विषय तोच ठरेल.

आता ज्या नियमामुळे माझे चांगले विद्यार्थी दरवर्षी अडकतात तो नियम सांगतो. इथल्या कम्युनिटी कॉलेजांत एखाद्या विषयात सी किंवा त्याहून चांगली श्रेणी मिळाली, तर केवळ श्रेणी सुधारण्यासाठी तो विषय पुन्हा घेता येत नाही. म्हणजे ॲनाटॉमीत सी मिळाली की ती कायमची चिकटली, आणि गुणांकनात नेमके याच तीन विज्ञान विषयांचे वजन सर्वांत जास्त असते. नापास होऊन किंवा मधेच सोडून पुन्हा घेतलेल्या विषयाचीही अनेक ठिकाणी नोंद घेतली जाते. म्हणून पहिल्याच सेमिस्टरला ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी एकत्र घेऊ नका, मग कोणी कितीही सांगो.

प्रात्यक्षिक परीक्षा कशी असते तेही सांगून ठेवतो, कारण पाठांतराच्या सवयीचे विद्यार्थी तिथे गडबडतात. टेबलांवर हाडे, मॉडेल आणि सूक्ष्मदर्शक मांडलेले असतात, प्रत्येक टेबलापाशी एखादे मिनिट मिळते, घंटा वाजली की पुढे सरकायचे आणि मागे वळून पाहायचे नाही. मांडीच्या हाडाला टाचणी लावून मी 'हे कोणते हाड' असे कधीच विचारत नाही. 'हे उजव्या पायाचे की डाव्या पायाचे, आणि टाचणी जिथे आहे तिथे कोणता स्नायू जोडलेला असतो' असे विचारतो. पुस्तक पाठ असलेली माणसे इथे हाड हातात धरून नुसतीच उभी राहतात. प्रयोगशाळेच्या मोकळ्या तासांना येऊन हाडे हाताळण्याला पर्याय नाही.

पायरीपायरीने

वरच्या दोघांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एलव्हीएनचा मार्ग कोणी विचारातही घेतला नाही म्हणून लिहिते. मी आधी सीएनए (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे नर्सची मदतनीस), मग एलव्हीएन आणि मग आरएन अशी चढत गेले. इतर बहुतेक राज्यांत ज्याला एलपीएन म्हणतात त्यालाच कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये एलव्हीएन म्हणतात. त्याची परवाना परीक्षा वेगळी असते आणि कामाची मर्यादाही वेगळी असते. माझ्या बाबतीत घरात दुसरा पगार नव्हता आणि वर्षभरात हातात पैसे येणे भाग होते, म्हणून हा मार्ग बरोबर होता. एलव्हीएन झाल्यावर काही कॉलेजे एडीएनच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश देतात, पण त्या जागा थोड्या असतात आणि ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी तेव्हाही चुकत नाहीत. मोगराताई, तुमच्याकडे पदवी आहे आणि घरात एक पगार चालू आहे, त्यामुळे तुम्हाला मी हा वळसा सुचवणार नाही.

या मार्गावर एक आडवाट आहे, तिच्यापासून मात्र सावध राहावे. एलव्हीएनना इथे '३० युनिट पर्याय' (युनिट म्हणजे विषयाचे श्रेयांक) नावाची सोय आहे, ज्यात पदवी न घेता आरएनची परीक्षा देता येते. ऐकायला हे फार सोपे वाटते, पण असा परवाना इतर काही राज्यांत मानला जात नाही, आणि पदवीच नसल्यामुळे पुढचे शिक्षणही अडते. नवऱ्याच्या नोकरीसाठी उद्या दुसऱ्या राज्यात जावे लागेल अशी शक्यता ज्या घरात असते, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. कॅलिफोर्निया हे राज्य नर्सेसच्या बहुराज्यीय परवान्याच्या करारातही नाही, त्यामुळे इथला परवाना घेऊन दुसऱ्या राज्यात जाताना तिथे वेगळा अर्ज करावाच लागतो.

सीएनए मात्र करून पाहण्यासारखे आहे. इथे त्यासाठी १६० तासांचे प्रशिक्षण असते, त्यातले १०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ. माणसाचे अंथरूण तो त्यावर झोपलेला असताना बदलणे, त्याला न लाजवता स्नान घालणे आणि घास गिळेपर्यंत थांबणे ही कामे आपल्याला जमतात की नाही हे तिथे दोन आठवड्यांत कळते. गुणांकनात त्याचे गुण मिळाले तर ते वेगळेच.

आणखी एक खास आपल्या लोकांची अडचण. क्लिनिकल, म्हणजे रुग्णांजवळचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, सुरू होण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी लागते, आणि लहानपणी बीसीजी टोचलेली असल्यामुळे त्वचेवरची चाचणी आपल्यापैकी अनेकांना पॉझिटिव्ह येते. माझ्या दंडाखालची जागा दोन दिवसांत टम्म फुगली, मग छातीचा एक्स-रे, मग डॉक्टरांचे पत्र, आणि या धावपळीत माझा क्लिनिकलचा पहिला आठवडा बुडाला, तो कॉलेजने भरून दिला नाही. रक्तावर होणारी क्वांटिफेरॉन चाचणी बीसीजीमुळे फसत नाही, म्हणून तीच करून घेता येईल का हे आधी विचारा. हिपॅटायटिस बीच्या नेहमीच्या तीन मात्रांना सहा महिने लागतात, तेव्हा गोवर, कांजिण्या आणि हिपॅटायटिसच्या प्रतिकारशक्तीची रक्ततपासणी प्रवेशाचे पत्र येण्याची वाट न पाहता आत्ताच करून ठेवा. भारतातले लसीकरणाचे कार्ड असेल तर ते शोधून काढा, पण बहुतेक ठिकाणी रक्ताचा अहवालच मागतात.

मोगरा

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. खासगी विद्यापीठाला फोन केला असता आधीचे विषय सोळा महिन्यांत धरलेले नाहीत हे त्यांनी मान्य केले, त्यामुळे माझा कल आता एडीएनकडे झुकला आहे. दोन शंका उरल्या आहेत. ग्रीन कार्ड असल्यामुळे मला सरकारी मदत मिळेल का? आणि एखादे कॉलेज चांगले आहे हे बाहेरून कसे ओळखावे?

रातपाळी

पैशांचे आधी सांगते. ग्रीन कार्डधारकांना फाफ्सा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरता येतो, पण पेल ग्रँट, म्हणजे केंद्र सरकारचे अनुदान, पहिल्या बॅचलर्सपुरतीच असते आणि तुमची भारतातली बी.एस्सी. त्यासाठी पदवी म्हणून धरली जाते, तेव्हा ती मिळणार नाही. आहे की नाही विचित्र गोष्ट? विषय मोजताना तुमची पदवी अपुरी ठरते आणि मदत नाकारताना मात्र पुरेशी ठरते. राज्याची कॉलेज प्रॉमिस ग्रँट वेगळी आहे. ती रहिवास आणि उत्पन्न पाहून युनिटची फी माफ करते, तिच्यासाठी अर्ज करा.

नाही मिळाली तरी घाबरू नका. रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर पडतात. बोर्डाच्या नियमाप्रमाणे परवान्यासाठी किमान ५८ युनिट लागतात, त्यांतली ३६ नर्सिंगची, म्हणजे १८ थिअरीची आणि १८ क्लिनिकलची. ५८ युनिटची फी २,६६८ डॉलर होते. पुस्तके, गणवेश, स्टेथोस्कोप, टीज, बोटांचे ठसे, एनक्लेक्सचे २०० डॉलर हे सगळे वरून येते आणि यादीबाहेरचेही काही विषय करावे लागतात, तरी लाखाच्या जवळपास ते कुठेच पोहोचत नाही. खरा खर्च वेळेचा आहे. क्लिनिकलच्या एका युनिटला आठवड्याला तीन तास असा हिशेब असतो, सकाळी पावणेसातला वॉर्डात हजर राहावे लागते आणि त्या वेळी शाळा उघडलेली नसते. मुलीला सकाळी कोण सोडणार हे घरात बसून आत्ताच ठरवा. माझ्या वर्गातून ज्या दोघी बाहेर पडल्या त्या अभ्यासामुळे नव्हे, याच कारणामुळे पडल्या.

कॉलेज पारखण्यासाठी राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी आणि प्रत्येक कॉलेजचा पहिल्या प्रयत्नातील एनक्लेक्सचा निकाल वर्षवार दिलेला असतो. तो ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये असा नियम आहे, पण एकाच वर्षाचा आकडा न पाहता चार-पाच वर्षांचे पाहा. बोर्डाची मान्यता आणि राष्ट्रीय ॲक्रेडिटेशन या वेगळ्या गोष्टी आहेत. एडीएनसाठी एसीईएन या राष्ट्रीय संस्थेचे ॲक्रेडिटेशन बऱ्याच ठिकाणी असते. ते नसले तरी इथला परवाना मिळतो, पण पुढे काही विद्यापीठे आणि नोकरी देणारे त्याची चौकशी करतात. निकालाबरोबरच आत गेलेल्यांपैकी कितीजण वेळेत बाहेर पडले हेही विचारा, कारण निम्मा वर्ग मधेच गाळून उरलेल्यांचा निकाल उत्तम दाखवणे अवघड नसते.

आणि औषधांच्या मात्रांचे गणित आत्तापासून करा. त्याची वेगळी परीक्षा असते आणि अनेक ठिकाणी ९० टक्क्यांच्या खाली गेलात तर रुग्णाजवळ जाऊ देत नाहीत. माझे उत्तर बरोबर असूनही मी ५ मिलिग्रॅमऐवजी ५.० लिहिले म्हणून शून्य मिळाले होते. तेव्हा राग आला, पण तो ठिपका घाईत दिसला नाही तर माणसाला ५० मिलिग्रॅम जातात. अर्धा लिहिताना मात्र ०.५ असेच लिहायचे, ठिपक्याआधीचे शून्य कधीही गाळायचे नाही.

मोगरा

मुलीला सकाळी सोडायचे काम नवऱ्याने घेतले आहे, तसे त्याच्याकडून लिहूनच घेतले. येत्या सेमिस्टरसाठी ॲनाटॉमी घ्यायला गेले तर सगळे वर्ग भरलेले आहेत आणि माझा वेटलिस्टमध्ये नववा क्रमांक आहे. मग संख्याशास्त्र घेऊन पुढच्या सेमिस्टरची वाट पाहू का?

हाडांची पेटी

संख्याशास्त्र घ्या, पण ॲनाटॉमीची वेटलिस्ट सोडू नका. पहिल्या दिवशी वर्गात, तोही प्रयोगशाळेच्या वेळेला, प्रत्यक्ष हजर राहा. न आलेल्यांची नावे मी त्याच दिवशी कमी करतो आणि ॲड कोड, म्हणजे वर्गात नाव नोंदवण्याचा क्रमांक, वेटलिस्टच्या क्रमाने, पण समोर बसलेल्यांनाच देतो. मागच्या सेमिस्टरला अकरावा क्रमांक असलेली मुलगी आत आली, कारण तिच्या आधीचे सहाजण 'आता काय मिळणार' म्हणून आलेच नाहीत.